खुणेचा डोंगर

नाडीच्या टोकाला प्लास्टिकची एक बारीक, पारदर्शक नळी बसवलेली होती, आणि ती नळी बुटाच्या शेवटच्या भोकात शिरायला तयार नव्हती. दिनानाथने ती चिमटीत धरली, डोळ्यांजवळ आणली, पुन्हा खाली नेली. काळोखात, हलत्या बोटीवर, थंडीने बधिरलेल्या बोटांनी फाटके जाळे सांधणारा तांडेल — आणि त्याला नाडी ओवता येत नाही? येत नाही असे नव्हे, ओवायची नव्हती. एकदा ती ओवली, गाठ मारली, की उठावे लागणार, आणि उठले की समोर ते वनखात्याचे लोखंडी फाटक. फाटकाच्या पलीकडे डोंगर सुरू होतो, याविषयी त्याच्या स्वतःच्या मनात तरी संशय नव्हता.

संशय होता तो वडिलांच्या बाजूने. गणू तांडेल जाऊन बरीच वर्षे लोटली होती. पण कर्नाळ्याचा डोंगर नेमका कुठून सुरू होतो, हा बापलेकांमधला वाद त्यांच्या जाण्याने मिटला नव्हता, उलट आता दोन्ही पक्षांची बाजू दिनानाथलाच मांडावी लागत असल्यामुळे तो अधिक काटेकोर झाला होता.

मोरा बंदरावरच्या त्यांच्या घरात एक नियम होता. समुद्रावरून परतताना पूर्वेला आधी द्रोणागिरी दिसतो, आणि त्याच्या डाव्या खांद्यावर, बराच मागे, कर्नाळ्याचा सुळका — मुठीतून वर काढलेल्या आंगठ्यासारखा. घरात त्याला आंगठाच म्हणत. आंगठा खांद्यावर आला की सुकाणू सरळ करायचे. पुढची वाट बोटीला ठाऊक असते. पणज्यापासून सगळे पुरुष त्या आंगठ्याच्या भरवशावर घरी आले. म्हणून बोट दर्यात असताना घरातल्या कोणी त्या डोंगराला पाय लावायचा नाही. जी खूण आपल्याला घरी आणते, ती पायाखाली घ्यायची नाही. कोळीवाड्यातल्या दुसऱ्या कुठल्याही घरात हा नियम नव्हता, आणि म्हणूनच या घरात तो इतका कडक होता.

विसाव्या वर्षी दिनानाथने विचारले होते : गोव्याचा रस्ता डोंगराच्या अंगावरूनच जातो, मग एसटीने पेणला जाताना आपण खूण तुडवत नाही काय? गणू तांडेलांनी आधी हातातली विडी संपवली, आणि मग म्हणाले, "रस्ता सरकारचा हाय. डोंगर आपला." बरे, मग पावसाळ्यात? तेव्हा तर बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, दर्यात कोणीच नसते. "पावसात खूण झोपते. झोपलेल्याला ओलांडतात का?" ... या उत्तरात एक छिद्र आहे हे दिनानाथला तेव्हाच दिसले होते. कुठे आहे ते मात्र अजून सापडले नव्हते.

"आबा, झाली का नाडी? फाटकापर्यंत तरी चला, ती वानरंसुद्धा वाट बघून कंटाळली." समृद्धी. अकरा वर्षांची नात. गळ्यात दुर्बीण, आणि दुर्बिणीमुळे आलेला एक अधिकार.

खरे तर यांना हिमाचलात जायचे होते. तिथल्या कुठल्याशा राष्ट्रीय उद्यानाची चित्रे सूनबाईने, प्रांजलने, फोनवर दाखवून ठेवली होती — देवदार, बर्फ, लाकडी घरे. मुलाची, शैलेशची, बंदरातली रजा आणि समृद्धीच्या शाळेची सुटी काही केल्या जुळेना. शेवटी कर्नाळ्याच्या पायथ्याशी शनिवार-रविवारपुरते एक कौलारू घर घेतले, आणि पनवेलच्या फ्लॅटपासून जेमतेम बारा किलोमीटरवर, हिमाचलासाठी घेतलेल्या टोप्या घालून सगळे काल संध्याकाळी येऊन दाखल झाले. "हाच आपला नॅशनल पार्क," प्रांजल म्हणाली, "बर्फ सोडून सगळं आहे." "बर्फ काय, मासळीबाजारातून आणू," शैलेश म्हणाला, आणि चौघेही इतके हसले की अंगणातला कुत्रा उठून दुसरीकडे जाऊन निजला. त्या हसण्यात दिनानाथही होता, मनापासून होता. आपण फाटकापाशीच बसणार हे त्याने तेव्हाच ठरवले होते, आणि गुडघे हे कारण सर्वांनी बिनतक्रार स्वीकारले होते.

आजची सकाळ स्वच्छ होती, जानेवारीतली. प्रांजलने पाण्याच्या बाटल्या पिशवीत उभ्या केल्या आणि सहज विचारले :

"शैलेश, रस्ता तुला पाठ असेल ना? कॉलेजात असताना दहादा येऊन गेला असशील."

"नाही. मी कधी वर गेलो नाही."

"काय सांगतोस! पनवेलात राहून कर्नाळा नाही?"

"राहून गेलं," शैलेश म्हणाला, आणि मग अगदी साध्या आवाजात, जणू हे आधीच ठरले असल्यासारखे, "तुम्ही दोघी व्हा पुढे. मी बाबांबरोबर बसतो."

दिनानाथच्या चिमटीतली नाडी तिथेच थांबली.

शैलेश सातवीत होता. शाळेची सहल कर्नाळ्याला निघाली, आणि आदल्या संध्याकाळी दिनानाथने त्याला धक्क्यावर नेऊन, बोटीच्या पुढच्या टोकावर हात ठेवायला लावून, वदवून घेतले होते — बस जाईल तिथवर जाईन, डोंगराला पाय लावणार नाही. पोराने वाद घातला नाही. (आपल्या घरात वाद न घालणारा हा पहिलाच, तेव्हा तो गुण वाटला.) सगळा वर्ग वर गेला आणि शैलेश ड्रायव्हरशेजारी बसून राहिला. परतल्यावर आईने, जनीने, त्याला जेवायला वाढता वाढता विचारले, "कसा रे होता डोंगर?" आणि तो म्हणाला, "खालून छान दिसतो."

...खालून छान दिसतो. जनी त्या रात्री नवऱ्याशी बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी बोलली ती एवढेच, की तुमच्यात तांडेल थोडा आणि वकील फार.

पण ते तेवढ्यापुरतेच, असे मी धरून चाललो होतो, दिनानाथच्या मनात आले. पोर पुढे शिकले, वसतिगृहात राहिले, बंदरात थंड खोलीत बसून पडद्यावर कंटेनर हलवू लागले. जगातली कुठलीही बोट कुठे आहे हे ज्याला खुर्चीवरून दिसते, तो असल्या नियमाला हसेल. मित्रांबरोबर केव्हातरी वर जाऊन आला असेल आणि मला सांगितले नसेल — असे मी गृहीत धरले, आणि त्या न सांगण्याबद्दल मनातल्या मनात त्याला क्षमाही करून टाकली. केवढे औदार्य! न घडलेल्या अपराधाची क्षमा. आणि तो इतकी वर्षे, दर आठवड्याला या रस्त्याने मोटार हाकत, बायकोला कारण न सांगता, लेकीला कारण न सांगता, खालीच बसून होता. ड्रायव्हरशेजारी.

नळी भोकातून आरपार गेली. दिनानाथने नाडीला गाठ मारली. सुटणारी नव्हे, दोर बांधायची.

"बसतोस कशाला?" तो म्हणाला. "मी कुठे बसणार आहे?"

समृद्धी ओरडली, प्रांजलने तिला गप्प केले — इथे ओरडायचे नसते, पाखरे उडतात. शैलेश मात्र जवळ आला आणि त्या दोघींना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला,

"बाबा, कुंदन दर्यात आहे."

कुंदन म्हणजे पुतण्या. बोट आता तोच चालवतो. म्हणजे याने तेही लक्षात ठेवले होते. नियम नुसता पाळला नव्हता, त्याच्या शर्तीसकट पाळला होता.

"ठाऊक आहे," दिनानाथ म्हणाला, "पहाटे मीच त्याला वारा विचारला." आणि तो फाटकातून आत गेला.

आत सावली होती. काहीही घडले नाही. आभाळ कोसळावे अशी अपेक्षा नव्हतीच, तरीही पहिल्या काही पावलांना त्याने कान देऊन पाहिला — बुटाखाली वाळलेली पाने मोडत होती, एवढेच. वाट झाडांतून चढू लागली, मुळे पायऱ्यांसारखी आडवी आली, आणि त्याबरोबर वादही चढू लागला.

पाय लावायचा नाही, असे तुम्ही म्हणालात, बाबा. शब्द तुमचा आहे. पाय बुटात आहे. डोंगराला लागतो तो बूट.

— वकील झालास.

तुम्हीच केलेत. दुसरे असे, की खूण म्हणजे आंगठा. हे जंगल काही समुद्रावरून दिसत नाही. जे दिसत नाही ते खूण कसे?

— आंगठा हाताला नसतो काय?

इथे दिनानाथला थांबावे लागले. मुद्दा बिनतोड होता, शिवाय दमही लागला होता. वर, पानांच्या फटीत, एक काळा पक्षी या फांदीवरून त्या फांदीवर गेला, आणि त्याच्यामागून, जणू त्याच्याशी संबंध नसल्यासारखी, दोन काळी पाने तरंगत गेली. "भृंगराज!" समृद्धी श्वास रोखून म्हणाली, "आबा, ती त्याचीच शेपटी आहे. तारेला लावल्यासारखी असते." तिने दुर्बीण त्याच्या डोळ्यांना लावली. दिनानाथला नुसता हिरवा धूर दिसला, मग एक फांदी, मग एकदम, अगदी हाताशी, तो पक्षी — आणि हसू आले. माणसाला दुर्बीण लागते ती लांबचे पाहायला, आणि आपण सबंध जन्म लांबचेच पाहिले. जवळचे पाहायला कोणीतरी काच धरावी लागली.

कर्णाईच्या देवळापाशी सगळे विसावले. प्रांजलने डबा उघडला : तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. तत्काळ एक लालतोंडे माकड कठड्यावर येऊन बसले, त्याने मोठ्या अधिकाराने हात पुढे केला, चटणीचा वास घेतला, आणि अंगावर शिंतोडे उडाल्यासारखा चेहरा करून निघून गेले.

"शाकाहारी आहे," शैलेश म्हणाला.

"पुण्याहून आलं असेल," प्रांजल म्हणाली. ती स्वतः अलिबागची.

"आबा, तुम्ही इतकं जोरात हसलात तर बिबट्यासुद्धा पळेल."

"पळू दे. आज मी कोणासाठी थांबायचा नाही."

आणि ते खरे होते. चढ आता उभा झाला होता, झाडे मागे पडत होती, गुडघे आपली बाजू मांडत होते. पण त्याच्या आत काहीतरी फार जुन्या, फार ओळखीच्या लयीत चालू झाले होते — वल्हे मारताना होते तसे, जिथे थकवा हा अडथळा नसून कामाचाच एक भाग असतो. शैलेश मागे होता. चालताना मध्येच त्याचा हात पाठीजवळ येत असे, टेकत नसे. उघड्या धारेवर आल्याबरोबर वारा लागला, पश्चिमेचा, आणि दिनानाथने न ठरवता मान किंचित वळवून तो उजव्या गालावर घेतला. इतक्या उंचावर, इतक्या आत, आणि हा वारा खाडीवरून आलेला! त्यात खार होता. नाही, खार नसेल, भास असेल... पण नाकाला विचारायचे की बुद्धीला? बाबा, हा आपला वारा इथे रोज येतो. आपण नाही आलो. तो मात्र रोज इथे येऊन, आंगठ्याला भिडून जातो, आणि त्याला कोणी अडवले नाही.

— वारा परत जातो.

आम्हीही जाऊ.

दिनानाथने पुढचे पाऊल टाकले.

किल्ल्याचा दरवाजा म्हणजे आता दोन खांब आणि वर आभाळ. पायऱ्या झिजलेल्या, उंच. प्रांजल आणि समृद्धी केव्हाच आत गेल्या होत्या. त्यांचे दबके बोलणे वरून येत होते. दिनानाथ शेवटची पायरी चढला, आणि मागे पाहिले तर शैलेश खाली उभा होता. दमून नव्हे. त्याचा एक पाय पायरीवर होता, दुसरा खाली. बेचाळीस वर्षांचा माणूस, कानशिलाला पांढरे केस आलेले, आणि चेहऱ्यावर ते जुने आज्ञाधारक वाट पाहणे. इथपर्यंत तो बापाच्या मागे, बापाला सांभाळायला आला होता. ते नियमात बसले असावे. येथून पुढे स्वतःचे जाणे होते.

काय म्हणायचे? शपथ सोडवण्याचे शब्द या घरात कोणाला माहीत नव्हते, कारण ती सोडवावी असे कोणाला वाटलेच नव्हते. दिनानाथने पायरीवर एक पाय रोवला, वाकला, आणि होडीतून बोटीवर माणूस घेतात तसे मुलाचे मनगट धरले — पंजा नव्हे, पंजा निसटतो, मनगट — आणि त्याने आपले मनगट धरीपर्यंत थांबला.

"चल," तो म्हणाला. "ये वर."

शैलेश आला. त्याचे वजन क्षणभर पूर्णपणे दिनानाथच्या हातात होते, आणि ते पेलले. त्या पेलण्याचा आनंद खांद्यापासून टाचेपर्यंत असा काही सळसळत गेला की त्याला मोठ्याने ओरडावेसे वाटले, जाळे भरून आल्यावर ओरडतात तसे. पण समोर आंगठा होता.

खालून छान दिसणारा. इथून तो आंगठा नव्हताच : काळ्या पाषाणाची एक भिंत सरळ आभाळात गेलेली, तिच्या भेगांत मधमाश्यांची मोहोळे लोंबत होती, बुंध्याशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी, आणि त्या पाण्यात भिंतीचे उलटे रूप थरथरत होते. ज्याला जन्मभर करंगळीएवढा पाहिला तो इतका थोर होता. आणि दुरून करंगळीएवढा होऊन दिसण्यात त्याचा काही कमीपणा झाला नव्हता. दिनानाथ खाली बसला आणि बूट सोडू लागला. बोटीची गाठ, सहज सुटेना; त्याने ती नखांनी सोडवली.

"बाबा, दगड तापलेत," शैलेश म्हणाला.

"तापू देत. बुटातून आलो ही पळवाट होती."

त्याने उघडे पाऊल कातळावर ठेवले. मग दुसरे. खरखरीत, ऊन, जुने. पुष्कळ दिवस किनाऱ्यावर उन्हात राहिलेल्या फळीसारखे. मग तो पश्चिमेकडे वळला.

क्षितिजाकडे धुरकट होते. उजवीकडे, उलव्याच्या बाजूला, नव्या विमानतळावर उतरणारे एक विमान जवळजवळ त्याच्या नजरेच्या पातळीवरून गेले. समोर खाड्यांचे रुपेरी फाटे, बंदरातल्या यारींच्या, क्रेनच्या, माना, आणि त्यापलीकडे, निळसर, पाठ वळवून निजल्यासारखा, द्रोणागिरी. त्याच्या मागे पांढरे काहीतरी होते, ज्याला समुद्र म्हणता येईल किंवा आभाळही. मोरा दिसत नव्हते. पण खांदा दिसत होता... डावा खांदा... नव्हे — आणि इथे दिनानाथची दृष्टी एकदम लख्ख झाली — इथून तो उजवा होता. अर्थातच! तिकडून डावा, तो इकडून उजवा. साठ वर्षे त्याने ही रेघ समुद्राच्या बाजूने ओढली होती, आणि रेघेला दुसरे टोक असते, त्या टोकालाही कोणी उभे राहू शकते, इतकी सरळ गोष्ट ना त्याला सुचली होती, ना त्याच्या बापाला. वडिलांच्या युक्तिवादातले छिद्र हेच होते. खूण नुसती दिसत नाही, खूण बघतेही.

खिशात फोन थरथरला. कुंदन.

"काका, कुठं हाय तुमी? घरी कवाचा लावतंय, कोनी उचलत नाय." पाठीमागे इंजिनाची धडधड.

खोटे बोलता आले असते. शैलेशने तर मान हलवून तसे सुचवलेही.

"कर्नाळ्यावर आहे," दिनानाथ म्हणाला. "आंगठ्यापाशी. शैलेशही आहे."

पलीकडे इंजिनाची धडधड मंदावली.

"वर?" कुंदनने विचारले.

"वर. अनवाणी."

"आयला, काका!" आणि मग तो हसू लागला, वाऱ्याने हसू तुटत तुटत येऊ लागले. "आमी आत्ताच खांद्याव घेतलाय त्याला. साफ दिसतो. मंग हात तरी दावा ना!"

"वाट दाखवणारं मशीन लावलंय ना बोटीला? त्यात बघत नाहीस?"

"मशीन हाय. पन ह्यो समोर उभा असताना मशिनीत कोन बघतो?"

फोन कटला, का रेंज गेली, कळले नाही. समृद्धी धावत आली — कोण दिसतंय, आबा, कुठे, मला दाखवा — आणि तिने दुर्बीण त्या पांढुरक्यावर रोखली, जिथे काहीच दिसणे शक्य नव्हते. शैलेश शेजारी वाकून आपल्या बुटाची नाडी सोडत होता. सावकाश, सगळ्या भोकांतून काढत. शेजारी उभा बाप काय करतो आहे ते त्याने पाहिले नाही, किंवा पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

दिनानाथने हात वर केला. सरळ, खांद्यापासून, मूठ मिटून, आणि मग आपोआपच आंगठा वर आला. इतक्या लांबून हा हात कोणाला दिसणार नव्हता, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. तरी तो खाली घ्यायला मन तयार होईना. बाबा, आता सांगा. बोट दर्यात आहे आणि आम्ही इथे आहोत. वाट चुकली का? त्याने कान दिला. मोहोळांचा मंद घुमारा होता, वारा होता, नातीचे प्रश्न होते. वडिलांची बाजू रिकामी होती. ही त्यांची संमती की राग, की एवढ्या वर्षांत प्रथमच तेही उठून कुठेतरी काही पाहायला गेले, ते त्याला ठरवता येईना, आणि ठरवायची घाईही वाटेना. त्या पांढऱ्या झळाळीत कुठेतरी कोणी त्याच्याकडे पाहून सुकाणू सरळ करीत होते, आणि तो, हात उंचावून, अगदी स्थिर उभा होता; जराही हलू नये एवढीच आता काळजी होती.